नाताळच्या दिवशी दिलेली माती

वडील नाताळच्या सकाळी गेले. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते, त्यामुळे मरण अनपेक्षित नव्हतं. पण प्रभूला नेमका तोच दिवस सापडावा, याचा मला फार राग आला. आईने केलेल्या करंज्या डब्यात तशाच होत्या. प्रार्थनेसाठी डोळे मिटले, पण एक शब्दही ओठांवर येईना.

चिमूरजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर एकच. शेजारी आले, आईजवळ बसले, "काही लागलं तं सांगा," म्हणाले. मी कोणालाच काही सांगितलं नाही. यांना आपल्या रीती काय कळणार, असा ताठा होता मनात. पाळक चंद्रपूरची उपासना आटोपून दुपारनंतर येणार होते. तोवर कबर तयार हवी म्हणून सब्बल आणि फावडं घेऊन मी एकटाच आमच्या शेताच्या कडेला गेलो.

जमीन मुरमाड. गुडघाभर खड्डाही झाला नाही, तोच तळहातांवरचे फोड फुटले. ढगाळ, कुंद हवा होती. मी मातीच्या ढिगावर बसून रडलो.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून एक माणूस डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन आला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, एकटेच काऊन खोदून राह्यले?"

"वडील गेले."

त्याने टोपली खाली ठेवली. "सब्बल द्या मले."

"नको, मी करतो. तुमची मासोळी खराब होईल."

"होऊ द्या. गावात सांगतलं नाई का कोणाले?"

"खोदायचं मीच नाही सांगितलं."

"मंग जा, सांगा. मी हावो इथी."

त्याने माझ्या हातातून सब्बल काढून घेतली. मी मान खाली घालून गेलो. पहिलंच दार शेजारच्या वयस्कर बौद्ध गृहस्थांचं. मी काही बोलायच्या आत ते उठले. कुदळ त्यांनी दाराशी काढूनच ठेवली होती.

"तुम्ही कधी बलावता, याचीच वाट पाहून राह्यलो होतो," ते म्हणाले.

चौघेजण आले. पाळक पोहोचायच्या आत कबर झाली. पाणी द्यायला वळलो तर तो माणूस टोपली घेऊन निघून गेलेला. पुढे तलावावर, बाजारात विचारलं. कोणाला ठाऊक नव्हतं. नाताळला प्रभू अनोळखी माणसाच्या रूपात दारोदार फिरतो, असं आईची आजी सांगायची. आईने तेच धरून ठेवलं आहे. मी वाद घालत नाही.

घर अजूनही रिकामं वाटतं. डिसेंबर आला की जीव जड होतो. पण एवढं कळलं, त्या दिवशी प्रभूकडे मी काहीच मागू शकलो नव्हतो. शेजाऱ्याच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो, तीच माझी प्रार्थना होती. ती त्याने ऐकली.