गोउमा राजा जिंकला तेव्हा

जपानमधल्या ओनोमिची बंदराच्या मागं व्हिडिओ गेमचं एक जुनं दुकान होतं. तिथली यंत्रं पुसायचं काम फुसाएबाईंकडे. दुपारी समुद्रावरचं धुकं आत शिरायचं, पडद्यांचे निळे-तांबडे रंग त्यात विरघळायचे आणि फडकं हातात धरूनच बाईंची तंद्री लागायची.

कोपऱ्यातल्या यंत्रात गोउमा राजा राहायचा. सिंहासनासाठी त्यानं सख्ख्या भावाला बुडवलेलं, गावंच्या गावं जाळलेली. मेला एक नंबरचा हलकट! बँकेतला इनागाकी जेवणाच्या सुट्टीत यायचा, शंभर येनचं नाणं टाकायचा, राजाला ठार मारायचा आणि खुशीत कामावर परतायचा.

फुसाएला मात्र त्या राजात नवरा दिसायचा. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष व्हायचं म्हणून गेन्झोनं भावाची होडी गिळली, मित्रांना देशोधडीला लावलं. त्याच्या अंत्यविधीला एक भिक्षू आणि ती, बस्स. घरी येऊन तिनं त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, तो अजून तसाच होता.

दुकान कायमचं बंद होणार त्या दिवशी इनागाकी शेवटचा डाव खेळायला बसला.

"इनागाकीसान, आज त्याला जिंकू द्या ना."

"अहो फुसाएसान, या राक्षसाची दया येते तुम्हाला?"

"दया कसली डोंबलाची! त्या खुर्चीपायी एवढा जीव टाकला, आता बसून करतो तरी काय, ते बघायचंय मला."

इनागाकीनं हसत हात वर केले. राजा जिंकला. पायऱ्या चढला, सिंहासनावर टेकला. दरबार रिकामा. त्यानं दाराकडे पाहिलं, मान खाली घातली, पुन्हा दाराकडे पाहिलं. पुढं काहीच होईना. खेळ बनवणाऱ्यांनी त्याच्यासाठी एवढंच काढून ठेवलं होतं.

"अरेच्चा! हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बंद करू का?"

"राहू द्या थोडा वेळ."

फुसाएनं हातातलं फडकं खाली ठेवलं. अध्यक्ष झाला त्या दिवशी गेन्झो नवा कोट घालून, पाहुण्यांसाठी पेले मांडून असाच दाराकडे बघत बसला होता. शेवटी त्यानं हळूच विचारलं होतं, "कुणी येऊन गेलं का गं?"

"तुमच्याकडे कोण येणार?" म्हणून ती आत निघून गेली होती.

त्या संध्याकाळी तिनं घरच्या पितरांच्या देव्हाऱ्यातला फोटो सरळ केला. उदबत्ती लावली, वाफाळता भात समोर ठेवला आणि स्वतःही बसली.

"माफबिफ केलेलं नाही, सांगून ठेवते," ती म्हणाली. "पण मी आलेय. जेवून घ्या."