जकात नाक्यावरचा मत्तय

शेषराव मनवर मंगरूळपीरला वाशीम रस्त्यावरच्या जकात नाक्यावर मोहरीर, म्हणजे जकात वसूल करणारे कारकून, होते. गावात येणाऱ्या प्रत्येक पोत्यात, टोपलीत काहीतरी लपवलेलं असतंच, अशी त्यांची पक्की समजूत. हातातली लोखंडी सळई पोत्यात खुपसल्याशिवाय ते कुणाला पुढे सोडत नसत. घरीही तीच तऱ्हा. दुधात बोट बुडवून बघायचे. पाहुणा आला, की हा नेमका कशासाठी आला असेल, याचा विचार चहा संपेपर्यंत करायचे.

ही सवय नुसती नोकरीनं लागलेली नव्हती. छप्पन्न साली त्यांच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि दीक्षा घेतली, तेव्हा शेषराव सोळा वर्षांचे होते. वडील त्या दिवशी म्हणाले, "आजवर कोनं बी काही सांगितलं अन् आपून मानलं. आता तपासल्याबिगर काही मानाचं नाही." शेषरावांनी ते जन्मभर पाळलं. वडिलांनी देवांविषयी सांगितलेलं त्यांनी माणसांनाही लावलं, एवढंच.

त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांना गोजराबाईचा संशय आला. ती माळ्याच्या घरची. गावाबाहेरच्या मळ्यातून रोज मेथी-वांगी घेऊन बाजारात यायची. मेथीखाली तंबाखू आहे, असं कुणीतरी शेषरावांच्या कानात सांगितलं. त्यांनी टोपली रस्त्यावर उपडी केली. खाली फक्त ओलं फडकं निघालं. तेवढ्यात आलेली मोटार अर्ध्या मेथीवरून गेली. गोजराबाई भांडली नाही. राहिलेल्या जुड्या वेचून निघून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून मैलभर वळसा घालून दुसऱ्या नाक्यावरून गावात येऊ लागली. शेषराव म्हणाले, "चोर असल्याबिगर कोनी वळसा घेते का?"

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नाक्यावर एक सायकल थांबली. मागे पत्र्याची पेटी बांधलेली. सायकलवाले शालिकराम मास्तर रिठदकडचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ख्रिस्ती शास्त्राची पुस्तकं गावोगाव विकत फिरायचे. शेषरावांनी पेटी उघडायला लावली. तळापर्यंत हात घातला.

"याच्याखाली काय हाये?"

"पेटीचा पत्रा."

"अन् हे पुस्तक घेतलं, की मंग काय देता? गहू? दूधपावडर?"

"काहीच नाही देत. वाचा म्हनतो, बस."

बस, एवढंच? शेषरावांना हे सगळ्यात संशयास्पद वाटलं. त्यांनी एक पुस्तक तपासणीसाठी म्हणून ठेवून घेतलं.

खोटं पकडायचं, या एकाच हेतूनं ते लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसले. चौघांनी येशू या एकाच माणसाची हकिकत सांगितलेली आणि जागोजागी फरक. शेषराव खुणा करत गेले. पण चार-सहा दिवसांनी त्यांना एक गोष्ट खटकू लागली. जकातीच्या खटल्यांत त्यांनी कोर्टात कितीदा साक्षी दिल्या होत्या. पढवलेले साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं. हे चौघे तसे बोलत नव्हते. ज्या शिष्यांनी त्या गुरूला ऐन वेळी सोडून पळ काढला, त्यांचीच नावं त्यांच्याच माणसांनी लिहून ठेवली होती. लबाड माणूस आपली लाज अशी कशाला छापेल?

मग एका दुपारी नाक्यावरच ते पान आलं. मत्तय नावाचा माणूस जकात नाक्यावर बसलेला आहे. येशू जाता जाता त्याला पाहतो, माझ्यामागं ये म्हणतो, आणि तो उठून जातो.

शेषरावांनी झटकन पुस्तक मिटलं. हे त्यांच्यासाठीच छापून घातलेलं होतं, यात शंका नव्हती. मास्तरनं आधीच कधीतरी नाका पाहिला, मोहरीर पाहिला आणि बरोबर त्या जागी हे पान शिवून दिलं! त्यांनी शिलाई तपासली, कागद उन्हात धरून पाहिला. तेवढ्यानं समाधान झालं नाही. अनसिंगला रुपाबाई नावाच्या म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई राहतात आणि त्यांच्याकडे फार जुनी प्रत आहे, असं त्यांनी शोधून काढलं. सुट्टीच्या दिवशी वाशीमला मोटार बदलून तिथं पोचले.

रुपाबाईंनी पुस्तक काढून दिलं. पानं पिवळी, कोपरे झिजलेले. शेषरावांनी बोट फिरवत जागा शोधली. तोच नाका. तोच माणूस.

"काय शोधून राह्यले, भाऊ?"

"कोनं घुसवलं तर नाही ना, ते पाहून राह्यलो."

"माह्या लग्नातलं पुस्तक हाये ते. पन्नास वर्सं झाले."

शेषरावांनी ती ओळ पुन्हा बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "बाई, त्यानं त्या मोहरीरची झडती नाही घेतली."

"कोनं?"

"येशूनं. काय लपवलं, किती खाल्लं, काहीच नाही इचारलं. नुसतं ये म्हने. असं कोनी बोलावते का?"

रुपाबाई म्हणाल्या, "मले तसंच बोलावलं होतं."

ते घरी आले तेव्हा त्यांचे मोठे भाऊ पुंजाजी रिठदहून येऊन बसले होते. शेषरावांच्या बायकोनं, बेबीताईंनी, लाल खुणांचं पुस्तक पाहून निरोप धाडला होता.

"तुले काय मिळून राह्यलं त्यायच्याकून?" पुंजाजींनी विचारलं.

"काही नाही."

"तेच खोटं वाटते मले. बापानं एवढं सोसून आपल्याले बाहेर काढलं, अन् तू पुन्हा कोनाच्या दारात चालला?"

पुंजाजी उठले आणि त्यांनी शेषरावांची ट्रंक उघडली. कपडे बाहेर फेकले, कागद उलगडून पाहिले. मिशनचं पत्र, पैसा, काहीतरी सापडेल म्हणून तळ चाचपला. शेषराव भिंतीशी उभे राहून बघत होते. आपल्या वस्तूंवरून दुसऱ्याचा हात फिरतो तेव्हा माणसाला कसं वाटतं, ते त्यांना चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. सापडलं काहीच नाही. तरी पुंजाजी जाताना म्हणाले, "दुसरीकडं लपवलं असशीन."

दुसऱ्या दिवशी शेषराव गोजराबाईच्या मळ्यात गेले. ती वांग्यांना पाणी देत होती. त्यांना पाहून फावडं टेकवून उभी राहिली.

"आता अठी काय लपवलं मी?"

"काही नाही, बाई. तवा बी काही नव्हतं. माह्यं चुकलं."

"वरच्या सायबानं पाठवलं काय?"

"नाही. एक पुस्तक वाचून राह्यलो. त्याच्यानं आलो."

"पुस्तकानं आले, मनानं नाही?"

शेषरावांनी खरं ते सांगितलं. "निंघालो तवा पुस्तकानंच निंघालो. अठी आल्यावर मन बी आलं."

गोजराबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, फावडं उचललं आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. बस म्हणाली नाही, माफ केलं म्हणाली नाही. शेषराव परत आले.

एवढं झालं तरी त्यांनी लगेच मान तुकवली नाही. अडीच वर्षं ते प्रश्न लिहून ठेवत आणि शालिकराम मास्तर आले की समोर मांडत. निष्पाप लेकरू काहून मरते? देव दिसत काहून नाही? कित्येकदा मास्तर टोपी काढून डोकं खाजवत आणि म्हणत, "हे मले बी ठाऊक नाही, शेषराव." ज्याला सगळं ठाऊक असतं अशा माणसावर शेषरावांचा कधीच विश्वास बसला नसता. याच्यावर बसला.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरच्या भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर जागची हलली नाही. "वाचाले त्यायनंच शिकवलं," शेषराव म्हणायचे. पुंजाजींनी दोन वर्षं भावाच्या घरचं पाणी घेतलं नाही. काही ख्रिस्ती मंडळीही कुजबुजत, की मोहरीर आपली माहिती काढायला येतो. शेषराव प्रार्थनेला मागच्या ओळीत बसत आणि त्यांना राग येत नसे.

बेबीताई मात्र विहारातच जात राहिल्या. नवऱ्याला कुणीतरी भूल घातली, असं त्यांना पक्कं वाटत होतं. एका सकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "काय वाचता ते मोठ्यानं वाचा. मले आयकू द्या, त्यायनं तुमाले कुठी फसवलं ते."

शेषराव वाचू लागले. विहिरीवर पाण्याला आलेल्या बाईची गोष्ट होती. तिच्या जातीच्या हातचं पाणी लोक पीत नसत, आणि थकलेला येशू तिलाच पाणी मागतो. बेबीताईंचा हात थांबला.

"त्यानं मांगतलं? तिच्या हातचं?"

"हव."

"खोटं बोलून राह्यले तुमी. मांगचं पुन्हा वाचा."

शेषरावांनी पान मागे घेतलं आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.