रुसलेल्या टाकीची ओटी

सुरुवातीलाच सांगून ठेवतो मंडळी, चकवा, हडळ, मुंजा या खात्याशी माझा कधी संबंध आला नाही. माझं खातं गाळाचं. तेही संडासाच्या गाळाचं! ज्यानं अर्धं आयुष्य तसल्या टाकीत डोकावून काढलं, त्याला पिंपळावरचं कोण काय घाबरवणार? या सदरातले अनुभव मी बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं पोट धरून हसतो. तरी आज मीच लिहायला बसलोय... कारण एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही.

ऐंशी-एक्क्याऐंशीचा उन्हाळा असेल. पुलगावच्या बाहेर एक वसाहत होती — नाव मुद्दामच देत नाही. आम्ही सगळे राहायचोही तिथंच आणि तिथल्या गॅस प्लांटवर मी ऑपरेटर. वसाहतीतल्या संडासांचं पाणी आधी एका हौदात निवळायचं. तळाला बसलेला गाळ आम्ही जाळीतून काढायचो, चिंध्या-कचरा वेगळा करायचो, शेण कालवून तो सारखा करायचो आणि मग बंद टाकीत सोडायचो. आत हवा नाही, उजेड नाही. तिथले जिवाणू तो गाळ खातात आणि गॅस सोडतात. गॅस भरला की टाकीवरची लोखंडी टोपी वर येते, वापरला की खाली बसते. पाइप थेट वसाहतीच्या कॅन्टीनमध्ये. निळीशार ज्योत, वास अजिबात नाही. पण लोकांना हे पटवता पटवता नाकी नऊ यायचे.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, शोभाचं लग्न ठरलं. मुलगा रोहण्याचा, शेती-वाडीवाला, घर चांगलं. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलाच्या आत्याबाईंनी मला नोकरीबद्दल विचारलं. मी हौसेनं सगळं सांगितलं, आणि लग्नाचा स्वयंपाकही कॅन्टीनमध्ये याच गॅसवर करू म्हटलं. झालं! आत्याबाईंनी पदर नाकाला लावला. म्हणाल्या, त्या घाणीवर शिजलेलं आमच्यातलं कोणी तोंडात घालणार नाई. आणि आमची शोभा, जी चारचौघांत मान वर करत नसे, ती नवरी मुलगी पाटावरून बोलली —

“आत्याबाई, माझ्या दादाच्या गॅसवरचं एकदा खाऊन पाहा. मंग बोला.”

आत्याबाईंचा पदर नाकावरच राहिला. मुलाचे वडील मात्र हसले. पंगत गॅसवरच होऊ द्या म्हणाले, पण मग ऐन वेळी लाकडं फोडायले नका बसू. म्हणजे आता गॅस दगा देता तर शोभाला जन्मभर ऐकावं लागलं असतं. लग्नाआधीच तोंड चालवणारी सून! मला त्याचीच धास्ती होती, बाकी कशाची नाही.

आणि लग्न तोंडावर आलं असताना टोपी खाली बसायला लागली. आदल्या दिवशी तर पार तळाला टेकली. टाकी आंबली होती. लिटमस कागद बुडवला की लाल. उरलासुरला गॅस बाहेर आला त्याला काडी लावली तर काडीच विझली. शंकर, माझा जोडीदार, कारण शोधायला वसाहतीत फिरून आला तो हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं. व्याह्यांकडचे पाहुणे येणार म्हणून आमच्या मायनं बायका जमवून सगळ्या लायनीतल्या संडासांत बाटल्याच्या बाटल्या फिनाईल ओतलं होतं! संडास असे चकाचक, की पाहुण्यांनी तिथंच मुक्काम करावा. इकडे आमचे जिवाणू खलास. चुना टाकला, ताजं शेण टाकलं. पण आंबलेली टाकी एका रात्रीत सुधारत नसते, तिला आठवडेच्या आठवडे लागतात.

घरी येऊन मी एवढंच म्हणालो, “माय, टाकी रुसली.”

आमच्याकडे गॅस थांबला की असंच म्हणत. धंद्यातला शब्द तो. पण मायनं तो सरळ धरला. फिनाईलचं कळलं तेव्हा पदरानं डोळे पुसले, म्हणाली, म्या माझ्याच हातानं पोरीच्या लग्नात विरजण घातलं. आणि मग एकदम उठली. लग्नघरात रुसलेल्या माणसाचं काय करतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तिनं तबकात हळदकुंकू घेतलं, अक्षता, खण, नारळ घेतला आणि भर दुपारी प्लांटवर गेली. मी मागे मागे, लाजून अर्धा झालेलो. तिनं टोपीला हळदकुंकू लावलं, व्हॉल्व्हच्या चाकाला खण बांधला, कट्ट्यावर नारळ ठेवला. रीतसर ओटी भरली!

“बाई, चुकलं माझं,” म्हणाली. “तुले बोलावणंच नाई केलं. उद्या पोरीच्या लग्नाले येजो. रागावू नको.”

शंकर तोंडात रुमाल कोंबून हौदामागे पळाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नाच्या सकाळी मी गुपचूप लाकडं आणवली होती. जाम गावचा आचारी चूल मांडायला लागला तर माय आडवी आली. आधी गॅस लाव म्हणाली. मी चिडलोच. तिची समजूत पटावी म्हणून शेगडीची चावी फिरवली आणि काडी धरली...

भक्कन ज्योत उठली. निळीशार! दुसरी शेगडी लावली, तिसरी लावली. सगळ्या पेटल्या. वरण झालं, भात झाला, आलू-वांग्याची भाजी झाली, पुऱ्या टम्म फुगल्या, बुंदी पडली. पंगतीवर पंगत उठली. मध्येच आत्याबाई स्वतः कॅन्टीनमध्ये आल्या. शेगडीपाशी वाकून त्यांनी चांगला दमदार वास घेतला. “वास तं नाई येत,” एवढंच बोलल्या आणि जाऊन पंगतीला बसल्या. आलू-वांगं दोनदा मागून घेतलं. मी वाढत होतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते भाजीच्या वाफेवर ढकललं.

शेवटची पंगत बसली तसा मी प्लांटवर धावलो. टोपी तळाला टेकलेली. काल होती तश्शीच. टाकीजवळची तपासणीची तोटी उघडून काडी धरली — विझली. लिटमस लाल. पाइपात साचलेल्या गॅसवर म्हणाल तर फार तर एक आधण चहा झाला असता. परत आलो तेव्हा आचाऱ्यानं नुकत्याच शेगड्या बंद केल्या होत्या. मी पुन्हा लावून पाहिल्या. एकही पेटली नाही. टाकी सुधारली ती थेट पावसाळ्यात, तीही चुन्यानं आणि शेणानं, तिच्या नेहमीच्या रडतराऊ चालीनं.

पुढे कितीतरी इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाले, कुठे तरी गॅसचा कप्पा राहिला असेल. मी म्हटलं साहेब, अख्ख्या लग्नाचा स्वयंपाक होईल एवढा कप्पा दाखवा मला, मी तिथंच राहायला जातो. ते हसले. शंकर मात्र त्यानंतर कधी हसला नाही त्या विषयावर.

मध्यंतरी रोहण्याला गेलो होतो. शोभा आता स्वतः सासू झाली आहे. आत्याबाई शेवटच्या दुखण्यात तिच्याशिवाय कोणाच्या हातचं जेवत नव्हत्या म्हणे. मी पुन्हा ती टोपी, तो लिटमस, तो पाइप काढून बसलो. ती तूर निवडत होती. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“दादा, तू त्या गॅसचंच घेऊन बसला इतकी वर्षं. मी साक्षगंधाले भर मंडपात बोलली होती. तरी सासरी मले त्याच्यावरून आजवर कोणी एक शब्द नाई बोललं. ते काऊन, सांगतं का?”

मी तिच्यासमोरची मूठभर तूर ओढून घेतली आणि निवडायला लागलो.