जेवणानंतरची साखर

घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं हे माझं काम. सकाळी सहाला स्कूटर काढायची, सावेडीतल्या चार-पाच घरांच्या बेल वाजवायच्या आणि लोकांना चहाच्या आधी सुई टोचायची. अशा बाईचं कुणी हसून स्वागत करावं ही अपेक्षाच चूक. तरी मला माझ्या हाताचा गर्व होता. तुमची सुई कळतसुद्धा नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ते खरं धरून चालायचे.

तो गर्व एका निवृत्त नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी उतरवला. वय ऐंशीला टेकलेलं. सगळा जन्म मिशनच्या दवाखान्यात काढलेला, शेवटी मेट्रन झालेल्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. मी दंडाला पट्टा बांधला तर म्हणाल्या, सैल आहे. शीर शोधली तर म्हणाल्या, ती नको, तिच्या शेजारची घे. कापूस लावला, तर तोही मी चुकीच्या बोटाने दाबला म्हणे. रक्त त्यांचं, पण परीक्षा माझी चालली होती. निघताना त्यांचा मुलगा हसत म्हणाला की, तुम्ही पास झालात, नापास झालेल्यांना आमच्याकडे चहा मिळत नाही.

मुलगा शाळेत शिक्षक, सून बँकेत. दोघंही अगदी लाघवी माणसं. नाताळात माझ्या पिशवीत करंज्या कोंबल्याशिवाय सून मला सोडत नसे. सिस्टरांची साखर तपासायला महिन्यातून एक दिवस त्या घरी माझ्या दोन खेपा व्हायच्या, सकाळी सातला उपाशीपोटी आणि दुपारी जेवणानंतर दोन तासांनी. दुपारी सिस्टर एकट्याच असत. वॉकर धरून त्या दारापर्यंत येईतो बेल वाजवणारा निघून जायचा, म्हणून मुलगा-सून बाहेरून कुलूप लावत आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवत. सिस्टरांचं दुपारचं जेवण सून डब्यात भरून ओट्यावर ठेवायची. डबाही साधासुधा नव्हता. आईला गरम जेवण मिळावं म्हणून दोघांनी मुद्दाम शोधून आणलेला, जाड स्टीलचा, दोन्ही बाजूंना घट्ट क्लिपा असलेला. उन्हाळ्यात आणला तेव्हा मला कौतुकाने दाखवलाही होता.

दुपारी गेले की मी विचारायचे, जेवलात का. त्या म्हणायच्या, जेवले. किती वाजता ते विचारायचे, त्या वेळ सांगायच्या, मी ती फॉर्मवर लिहायचे. नर्सच्या शब्दावर शंका घ्यायची माझी काय बिशाद.

त्या उन्हाळ्यानंतर रिपोर्ट एकदम सुधारले. जेवणानंतरची साखर अशी, की माझीच बघून मला लाज वाटावी. डॉक्टरांनी सुनेच्या पथ्यपाण्याची तारीफ केली आणि सुनेने ती मला दोनदा ऐकवली. वजनही उतरलं होतं. तेही बरंच झालं, गुडघ्यांवरचा भार हलका झाला, असं सगळ्यांचं मत पडलं. मुलाने तर मला पेढा दिला. साखर आटोक्यात आली म्हणून पेढे वाटणारं घर मी तेवढं एकच पाहिलं. मी पेढा खाल्ला आणि त्या यशातलं थोडं श्रेय स्वतःकडेही घेऊन टाकलं.

मग एका दुपारी काकूंकडे किल्ली घ्यायला गेले. काकू कोपरगावकडच्या, मोजकं बोलणाऱ्या. किल्ली हातावर ठेवत म्हणाल्या, "सिस्टर लई गप हायेत आज." मी मनात म्हटलं, चला, आजची दुपार तरी सुखाची जाणार.

सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या. कपाळावर घाम, हात गार. मी पट्टा बांधला, तो खरोखरच सैल बसला होता आणि तरी त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. हलवून हाक मारली तर जड जिभेने म्हणाल्या, "साखर उतरलीय माझी. बघत काय बसलीस?" घरातल्या मशीनवर पाहिलं तर आकडा पंचावन्न. मी स्वयंपाकघरात पळाले, भांडंभर पाण्यात साखर ढवळून आणली आणि घोट-घोट पाजली. जरा वेळाने भांडं नीट धरण्याबद्दल सूचना आली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण दोन तासांपूर्वी जेवलेल्या बाईंचा आकडा असा कसा? मी ओट्याकडे पाहिलं. डबा तिथेच होता, बंद. गेल्या दोन महिन्यांत दुपारच्या खेपांनाही तो मी तिथेच पाहिला होता आणि रात्रीचं काही असेल म्हणून सोडून दिलं होतं. उचलला तर जड लागला. क्लिप ओढायला गेले, माझं नख मोडलं. शेवटी पोटाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी जोर केला तेव्हा कुठे उघडला. आत भात, आमटी, दोन पोळ्या, सगळं जिथल्या तिथे. मग मी सिस्टरांच्या बोटांकडे पाहिलं. संधिवाताने पार वाकडी झाली होती. या हातांना मी इतके महिने सुई टोचत होते आणि माझं लक्ष कायम कोपराच्या वर.

साखर उतरवणारी गोळी मात्र वेळेवर पोटात जात होती. ती वाटीत सुटी काढून ठेवलेली असायची.

मी ताट वाढून दिलं. त्या सगळं जेवल्या, आमटी पुन्हा मागून घेतली. रात्री सुनेला त्या भूक नव्हती म्हणून सांगत आणि वयाने भूक मंदावली असं धरून डब्यातलं मुलगा संपवत असे, हेही जेवता-जेवता कळलं. तुम्ही खरं का सांगत नाही, असं मी विचारलं.

"डबा उघडत नाही म्हणाले तर उद्या माझ्यासाठी बाई ठेवतील. बाई टिकली नाही की परवा मला कुठेतरी ठेवतील. तू कुणाला काही सांगायचं नाहीस."

आमच्या लॅबचाही दंडक असाच, रक्त घ्यायचं आणि घरच्या भानगडीत पडायचं नाही. शिवाय ते दोघं मला मनापासून आवडायचे. आणि खरं सांगायचं तर फॉर्मवर 'जेवण झाले' हे माझ्याच अक्षरात होतं, त्याचीही मला धास्ती होती. पण पुढच्या वेळी काकूंनी नुसती किल्ली दिली आणि आत कुणी ओ दिली नाही तर? मी तिथेच उभी राहून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, मग मुलाला. डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली. सिस्टर मला चोंबडी म्हणाल्या, आणखीही बरंच काही म्हणाल्या.

अर्ध्या तासात मुलगा-सून दोघं आले. सून उघड्या डब्याकडे बघत राहिली. आम्ही रोज विचारतो हो त्यांना, म्हणत ती रडायला लागली. खरंच विचारत होते. विचारत तर मीही होते. मुलाने डबा बंद केला आणि आईच्या मांडीवर ठेवला. सिस्टरांनी क्लिपेवर बोटं नेली, दोनदा सरकवली आणि हात पदराखाली घेतले.

मुलाचा चेहरा उतरला. मग ते सगळं त्याने माझ्यावर काढलं. परस्पर डॉक्टरांना फोन कशाला, आधी आम्हाला सांगायचं होतं, आम्ही काय आईला उपाशी ठेवतो का? मी मान खाली घालून सामान भरू लागले.

"तिला बोलू नकोस," सिस्टर म्हणाल्या. "तिनं तिचं काम केलंय."

इतक्या महिन्यांत त्यांच्या तोंडून माझं पहिलं कौतुक. मी सुखावून वर पाहिलं, तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"पण तीन महिने लावलेस गं. तू आलीस की मी मनाशी म्हणायचे, डबा ओट्यावर आहे, आज ही विचारेल."