पश्चिमेची भिंत

पत्रा मी निवडला. ही कबुली सुरुवातीलाच देते. लष्करात मी एकही चुकीचा हुकूम दिला नाही, असं नातवंडांना आजवर सांगत आले. ते खोटं आहे. एक दिला होता, आणि तोही माझ्याच मुलखात, जिथे शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा तो देणार नाही.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. मी लष्करी नर्सिंग सेवेत लेफ्टनंट होते. वय चोवीस, खांद्यावर दोन स्टार, अक्कल त्या मानाने कमी. आमची छोटी तुकडी शिरोड्याला, माडांच्या मागच्या टेकाडावर तात्पुरती आली होती. सोबत दहा खाटांचा वॉर्ड. खांब उभे होते, वर मंगलोरी कौलं चढली होती. भिंती राहिल्या होत्या. मे अर्धा सरला होता.

तुकडीचे मेजरसाहेब पंजाबचे. मला बोलावून म्हणाले, "लेफ्टनंट, यू आर अ लोकल. भिंतीला काय लावायचं? उद्या सकाळी आठला सांगा."

चिरे उत्तम, पण ते खाणीतून काढून बांधेपर्यंत पाऊस डोक्यावर. मातीची भिंत इथल्या आडव्या पावसात विरघळते. फळ्या फुगतात, मग दार एकतर उघडत नाही नाहीतर लागत नाही. उरले दोन: पत्रा आणि झाप.

झाप म्हणजे नारळाच्या झावळांचा विणलेला तट्ट्या. मालवणला माझे बाबा दर मे महिन्यात घराच्या पश्चिम अंगाला झाप बांधत. झावळं भिजत घालायची, मधोमध चिरायची, विणायची, मग खालून वर एकेक ओळ चढवत सुंभाने बांधायची. खिळा एकही नाही. मी त्यांच्या हाताखाली सुंभ धरूनच मोठी झाले. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. आणि नेमकं त्यामुळेच मी पत्रा निवडला. बरोबरच्या मुली मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांत होत्या, त्यांना फोटो पाठवायचा होता. लेफ्टनंट मॅडम झावळांच्या खोपटासमोर उभ्या राहणार? मी पत्र्यावर तज्ज्ञासारखं बोटाने टकटक केलं आणि म्हटलं, "पास."

बांधकाम हवालदार गुणाजी परबांकडे होतं. मालवणजवळच्या मसुऱ्याचे, चाळिशीचे, कमी बोलणारे.

"सिस्टर साब, पश्चिमेक तरी झाप लावया."

मी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. "हवालदार, हा आर्मीचा वॉर्ड आहे. गुरांचा गोठा नाही."

"जी साब. मगे लंगर माज्या मनापरमाणा बांदू?"

लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. म्हटलं, "बांधा. लंगर कोण बघतंय?"

फोटो छान आला. अजून आहे. त्यात मी अशी उभी आहे, जशी काही ती भिंत मीच प्रसवले.

मे संपेपर्यंत वॉर्ड आतून इतका तापला की जवानांनी त्याचं नाव 'सिस्टरचा डबा' ठेवलं. जूनमध्ये पाऊस पश्चिमेकडून आडवा लागला आणि भिंतीचा ढोल झाला. स्टेथोस्कोप छातीला लावला तरी कानात पत्राच. मी नाडी मोजून वेळ मारून नेत होते. खाऱ्या वाऱ्याने खिळ्यांभोवती तांबूस डाग धरले होते. ते मी पाहिले. वर चुना फासायला लावला.

जुलैतली ती सकाळ. मेजरसाहेब मुख्यालयात गेले होते, वॉर्ड माझ्या हाती होता. वॉर्डात सात पेशंट. सहा जण चालते होते. सातवा सिपाही बिशन, गढवालचा, न्यूमोनियाचा तिसरा दिवस, ऑक्सिजनवर. तो भिजला तर हाती लागणार नव्हता. बाकी कशाची नसली तरी याची मला पक्की खात्री होती.

साडेनऊला समुद्राचा आवाज बदलला. लाटा वेगळ्या ऐकू येईनात. एकच अखंड घुमणं, जमिनीतून पायात येणारं. समुद्राकाठी जन्मले, पण तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. दहाला वायरलेसवर ॲम्ब्युलन्स मागितली.

"रस्त्यावर पाणी. गाडी येणार नाही. पेशंट तिथेच सांभाळा. ओव्हर."

"पेशंट एक, सिरियस. ओव्हर."

"समजलं. तिथेच सांभाळा. आउट."

दहा चाळीसला पहिला पत्रा गेला. वाऱ्याने त्याचा कोपरा धरला, खिळे एकामागून एक उपटले, आणि बारा फुटी पत्रा कागदासारखा वर उठून दिसेनासा झाला. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आजही सांगताना भीती आधी आठवत नाही. ती ताकद आठवते.

दुसरा गेला. पाऊस थेट खाटांवर. परब दारात उभे होते.

"हुकूम, साब?"

"लंगर," मी म्हटलं.

सहा जण एकमेकांचे हात धरून गेले. बिशनला स्ट्रेचरवर ताडपत्रीत गुंडाळलं. परब पुढे, मी मागे, सिलिंडर दोन जवानांकडे. साठ पावलं. अकरा पाचला आत पोचलो.

आत चुलीतली राख जागची हलत नव्हती. पश्चिमेची भिंत मात्र हलत होती. वीतभर आत येई, वीतभर बाहेर जाई. वारा तिच्यातून गाळून येत होता. पाणी झावळांच्या पात्यांवरून खाली निथळत होतं. जमीन कोरडी.

बिशनने डोळे उघडले. "सिस्टरजी, दीवार हिल रही है."

परब म्हणाले, "हिलेंगा. उसका कामच वो है."

मी बिशनच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. जूनपासून पहिल्यांदा मला एका माणसाचा श्वास नीट ऐकू आला. उजवीकडे खाली खरखर, वर हवा जातेय. मी पुन्हा पुन्हा ऐकलं. गरज नव्हती तरी.

तीनला वारा पडला. बाहेर एक पत्रा माडाच्या बुंध्याला उपरण्यासारखा गुंडाळलेला होता. बिशन तिसऱ्या आठवड्यात चालू लागला. मी रिपोर्टात लिहिलं: साहित्याची निवड माझी, हवालदार परबांचा सल्ला डावलून. मेजरसाहेबांनी वाचून सही केली. वॉर्डाच्या चारी बाजूंनी झाप बांधले गेले. सुंभ मी धरला.

हवालदार गुणाजी परब पासष्टच्या लढाईत, सप्टेंबरात, पंजाबच्या सीमेवर पडले. मी तेव्हा दुसऱ्या हॉस्पिटलात होते. यादीत नाव वाचलं, यादी घडी करून ठेवली आणि संध्याकाळचा राउंड पुरा केला.

मला ते आठवतात ते शिरोड्याचे, वादळाच्या वर्षीच्या ऑक्टोबरातले. पाऊस सरला होता आणि ते लंगराचे झाप उतरवत होते. पश्चिमेच्या झापांची चाळण झाली होती. मी म्हटलं, यातला एक मी जपून ठेवणार, घरी नेणार. एक उचललाही. त्यांनी माझ्या हातातला झाप काढून घेतला आणि म्हणाले,

"सिस्टर साब, झाप म्हणजे एका पावसाचो गडी. त्येना आपलो पावस काडल्यान. आता चुलीत घाला आणि वायच च्या ठेवा."