पात पुरी करा

मोहाडीजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, रोवणीला बायांची जी टोळी येते, तिची ती म्होरकी. बोलताना मान वर करत नाही. हात चिखलातच असतात. वाक्य संपलं की "समजलं का?" विचारते आणि समोरचा हो म्हणेपर्यंत थांबते. बांधी माझी, पण मीही मुकाट हो म्हणतो. तिचा नियम एकच: ओळीत जो उतरला, त्यानं आपली पात, म्हणजे वाट्याचा पट्टा, पुरी केल्याशिवाय धुऱ्यावर, बांधावर चढायचं नाही.

यंदा आमदार आले, रोवणी करतानाचा फोटो काढायला. तिनं त्यांच्या हाती पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची पेंडी दिली आणि ओळीतल्या रिकाम्या जागी उभं केलं. फोटो झाला. साहेब निघाले, तशी म्हणाली, "पात पुरी करा भाऊ. माह्या पोरीची हाय. ते पोट धरून धुऱ्यावर पडली हाय."

कार्यकर्ते हसले. ती हसली नाही. वाकून रोवत, मागं सरकत सरकत आमदार पातीच्या शेवटाला पोचले आणि कंबर धरून म्हणाले, "काय झालं तिला?"

"एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीचं दुखनं हाय. पाळीत दुखतेच म्हनून सारे उडवून लावते. नागपूरले गेलो तवा नाव समजलं. आता तुमी मुंबईत सभागृहात सांगा. समजलं का?"

"हो."

"मंग नाव घ्या एकदा."

आमदार "एंडो"वरच अडखळले. ती थांबूनच होती. तेव्हा धुऱ्यावरून, पोट धरूनच, पोरीनं त्यांना उरलेला शब्द सांगितला.