करटुल्याचा कंद

करटुल्याच्या बिया काढून भाजी करणाऱ्या माणसाशी माझं पटत नाही. कोवळं करटुलं बियांसकट चिरायचं अन् कांद्यावर परतायचं, बस्स!

माझं माहेर पालमकडच्या माळावर. पाऊस झाला की तिथं आमच्या बांधावरच्या बोरीच्या जाळीतून करटुल्याचे वेल आपसूक वर चढायचे. निजामाचं राज्य गेलं, त्याच्या मागोमाग माझं लग्न चुडाव्याकडं झालं. तिथं सगळी काळी जमीन. जवारी, कापूस रग्गड, पण करटुलं औषधालाही नाही. श्रावणात त्या भाजीसाठी माझा जीव तुटायचा.

माहेरी रीत अशी की फळं खुशाल तोडा, पण कंदाला हात लावायचा नाही. तरी उन्हाळ्यात, वेल वाळून गेलेला असताना, आईनं अंदाजानं एक कंद उकरून मला दिला. मी तो सासरी काट्याच्या कुपाटीत लावला. वेल माजला, पिवळी फुलं आली, फळ मात्र एक नाही.

"नुसतं फुलायलंय मेलं! उपटून टाक," सासूबाई म्हणाल्या. मी कुठली ऐकते!

पंचमीला माहेरी गेल्यावर आईला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "अगं बाई, नर दिला वाटतं मी तुला! मादीच्या फुलाखाली बारकं काटेरी फळ असतंय." निघताना तिनं दुसरा कंद माझ्या पदरात टाकला.

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही वेल एकमेकांत गुंतले अन् करटुली अशी लागली, की सासूबाईंनी स्वतः काट्यात हात घातले.

पंचमीला भाऊ न्यायला आला. माहेरी ताटात दोडका! माझं डोकंच फिरलं. "लेक वर्षानं आली अन् करटुली न्हाईत?" आईनं भाकरी पुढं सरकवली. मी तणतणत बांधावर गेले. वेल होते, फुलंही लय होती, पण एकाही फुलाखाली फळ नव्हतं. आमच्या बांधावर फळणारा वेल एकच होता, अन् तो तिनं मला देऊन टाकला होता.

मागं वळले तर आई उभी. "तुह्याकडं लागायलेत ना? मग झालं की."

मला हुंदका फुटला. कंद परत आणते म्हणाले, तर अंगावरच आली. "लेकीला दिलेलं माघारी घ्यायचं व्हय?"

पुढच्या वर्षी यष्टीत बसले ती करटुल्यांचं गठुडं मांडीवर घेऊन. चुलीपुढं बसून आईनं पहिला घास खाल्ला, हळूहळू चावला अन् म्हणाली, "तुह्या घरची लय चांगली हायेत गं."